फोटोबाईंची पिवळी गाडी

रविवार होता. दूध गॅसवर चढवलेलं, आणि फोटोबाई टेबलावर जुनी चादर घालून सोमवारच्या ड्यूटीचा पांढरा कोट इस्त्री करत होत्या. कॉलरपाशी येऊन त्या थांबल्या आणि सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आणखी एक वर्ष ठेवू या का गं तिला?"

त्यांच्या लेकीने, मुंगीने, ओले केस टॉवेलात पिळले. "तिला म्हणजे गाडीला. ऐकणाऱ्याला वाटेल, घरात म्हातारी आत्या आहे."

"थट्टा नको करूस."

"बरं, नाही करत. अकरा वाजता दातांचे डॉक्टर येणार, गाडी घेऊन जाणार. तूच हो म्हणालीस ना?"

"म्हणाले खरी."

"मग? लोक संध्याकाळी बागेत फिरायला जातात, तू गॅरेजात बसायला जातेस. काचा वर करून. एक दिवस गुदमरशील आणि मला कळणारही नाही."

एवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी मुठीने वाजवत होतं. तीन ठोके, मग जरा दमाने आणखी तीन. मुंगीने दाराच्या भिंगाला डोळा लावला आणि मागे वळून ओठांनीच सांगितलं, काका.

दीर आत आला तो हसत. अंगात धुतलेला शर्ट, दाढी केलेली, मान बैलासारखी. चार ट्रकांचा धनी होता आणि बसायचाही तसाच, एका खुर्चीत दोघांची जागा व्यापून. "वहिनी, चहा टाका. गाडी विकताय म्हणे."

"टाकते," फोटोबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. विकायची की ठेवायची, हे त्यांचं त्यांनाच अजून कळलं नव्हतं, तर दिराला काय सांगणार?

फोटोबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या तळघरात त्या सव्वीस वर्षं एक्स-रे काढत होत्या. कुणी विचारलं, कुठे पाठवलंय, की पेशंट म्हणायचा, खाली, फोटोबाईंकडे. ते नाव जिने चढून वर आलं आणि मग घरापर्यंत आलं. तुटलेलं हाड बघून माणूस पडलाय की त्याला पाडलंय, हे त्यांना फिल्म वाळायच्या आत कळत असे. डोक्यावर येणारा घाव अडवायला माणूस हात आडवा धरतो, तेव्हा कोपरापासून खालच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचं मोडतं. पडलं तर ते तसं मोडत नाही. त्यांचं स्वतःचं डावं दोनदा मोडलं होतं आणि दोन्ही वेळा कागदावर "जिन्यावरून पडल्या" असं लिहिलं होतं. लिहून घेणारा डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने वर बघितलं, फोटोबाईंनी खाली बघितलं, झालं.

नवरा फरशा आणि नळ विकायचा. धंदा चालला तेव्हा त्याने ही गाडी आणली. दोनच सीटची, जमिनीला पोट टेकलेली, पिवळीधमक, सेकंडहँड पण चेहऱ्यावर ओरखडा नाही. वर्षातून पाच-सहा रविवार ती बाहेर निघायची, एरवी घराला लागून असलेल्या गॅरेजात पांघरूण घेऊन झोपायची. नवरा तिला फलाटीनच्या मऊ तुकड्याने पुसायचा, बोटांच्या टोकांनी, श्वास रोखून. त्याच बोटांनी त्याने बायकोची एक दाढ पाडली होती, केसांना धरून तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. मुलगी मध्ये आली म्हणून तिला लाथेने सोफ्याखाली सारलं होतं. कारण लागायचं नाही. आमटी गार झाली हे पुरायचं, फार गरम आहे हेही पुरायचं.

मुलगी पाच वर्षांची असताना एकदा तो कंबरेचा पट्टा घेऊन मागे लागला. पट्ट्याचं पितळी बक्कल हवेत फिरत होतं. फोटोबाई पोरीला काखोटीला मारून जो दरवाजा दिसला त्यातून पळाल्या, तो गॅरेजचा निघाला. पुढे भिंत, बाजूला बंद शटर. खिळ्यावरची किल्ली ओढून त्या गाडीत शिरल्या आणि दोन्ही बाजूंची लॉकं दाबली. नवरा काचेशी आला. पट्टा वर उचलला. आणि हात तसाच राहिला. काचेवर फोटोबाईंचा घामेजला पंजा उमटला होता. त्याने पट्टा खाली घेतला, शर्टाच्या बाहीने काच बाहेरून पुसायला लागला, डाग आतल्या बाजूला आहे हे कळल्यावर शिव्या घातल्या, आणि आत जाऊन झोपला.

त्या दिवसापासून ती गाडी म्हणजे त्यांची खोली झाली. किल्ली एकच होती. नवऱ्याने ती तीनदा लपवली, पण घर झाडणाऱ्या बाईपासून घरातली किल्ली किती दिवस लपणार? पोरगी पाय ठेवायच्या जागेत अंगाची जुडी करून झोपायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. तिथे त्यांनी पाढे पाठ केले, बिस्किटं खाल्ली, एकदा मुंगीचा एकशे तीन ताप काढला. बाहेर तो फेऱ्या घालायचा, लाथेने बादली उडवायचा, भिंतीवर नारळाएवढा दगड फोडायचा, पण गाडीला बोट लावायचा नाही. फोटोबाईंना गाढ झोप लागली असेल तर ती त्या सीटवर. त्या काचेवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा जगात कशावरच नव्हता.

चौदा महिन्यांपूर्वी नवरा छातीत पाणी होऊन गेला. शेवटचा फोटो त्यांनीच काढला. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," त्या काचेआडून म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्यांचं तीनदा लागोपाठ ऐकलं. गाडी कागदोपत्री त्यांच्या नावावर आली. मारणारा गेला, तरी त्या आठवड्यातून दोनदा गॅरेजात जाऊन लॉक लावून बसतच होत्या. ती गेली तर आपण कुठे जायचं, हा प्रश्न एकोणीस वर्षांच्या मुलीला कसा विचारायचा?

दूध उकळ्या मारत होतं. बाहेरच्या खोलीत दिराचा आवाज चढला.

"दादाने मला शब्द दिला होता. माझ्यामागे ही पिवळी तुझी म्हणून."

"मला कधी बोलले नाहीत, भाऊजी," फोटोबाई दारात येऊन म्हणाल्या.

"तुम्हाला काय बोलायचं? तुम्हाला चालवता तरी येते का? किल्ली द्या, विषय संपवा."

"अजून माझं ठरलं नाही."

"ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

मुंगी भिंतीला टेकून उभी होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "काका, आईचा हात मोडला होता त्या दिवशी तुम्ही याच खुर्चीत बसून चहा घेतला होता. दादाचा स्वभाव जरा तापट आहे, म्हणालात. आजही चहा घ्या आणि निघा."

दीर उठला आणि त्याने तिच्या थोबाडीत दिली. उलट्या हाताने, अंगठीसकट. मुंगीचं डोकं भिंतीवर आदळलं, ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. फोटोबाई मध्ये घुसल्या तर त्याने त्यांना मानेला धरून बाजूला भिरकावलं. टेबल कलंडलं, इस्त्री खाली पडून चादर करपायला लागली. "हाडकुळे," तो म्हणाला, "दादाने तुला जिवंत ठेवली हेच चुकलं." आणि त्याने त्यांच्या बरगडीत बूट घातला. एकदा. मग नेम धरून दुसऱ्यांदा.

मुंगी स्वयंपाकघरातून आली ती सांडशीत दुधाचं पातेलं धरून. तिने ते त्याच्यावर ओतलं. खांद्यापासून छातीपर्यंत शर्ट कातडीला चिकटला. तो जनावरासारखा ओरडला. शर्ट ओरबाडून काढायला लागला तर शर्टाबरोबर मानेची सालही निघाली.

फोटोबाईंनी विचार केला नाही. चौदा वर्षांच्या सवयीचे पाय होते ते. बरगडी धरून उठल्या, लेकीला मनगटाला ओढलं, गॅरेज, खिळा, किल्ली, दार, लॉक, लॉक. मुंगी आता पायाशी मावत नव्हती. गुडघे हनुवटीला लावून ती सीटवर बसली आणि म्हणाली, "आई, मागचं दार होतं. रस्त्यावर पळायचं होतं आपण."

"इथे नाही येत कुणी," फोटोबाई म्हणाल्या. "बस तू."

दीर दारात आला. उघडा, लालभडक, गळ्यावर फोड उठायला लागलेले. कोपऱ्यात शटर ओढायची सळई होती, टोकाला आकडी असलेली, पुरुषभर उंच. ती त्याने उचलली. फोटोबाई त्याच्याकडे पाहत होत्या आणि त्यांचा श्वास संथ होता. आता हात वर जाईल, त्यांना माहीत होतं. वर गेला. आता थांबेल.

तो थांबला नाही.

पहिल्या घावाने पुढची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी झाली. दुसऱ्याने ती आत वाकली. तिसरा बॉनेटवर, चौथा छतावर, डोक्याच्या बरोबर वर, पत्रा टाळूला लागेपर्यंत खाली आला. मग मुंगीच्या बाजूची काच एकदम, पोतं फाटून साखर सांडावी तशी, तिच्या केसांत, मांडीत, तोंडात पडली. इतकी वर्षं फोटोबाई त्या काचेला मजबूत समजत होत्या. ती काच होती. बाहेरचा माणूस तेवढा बदलला होता.

दिराने सळई छतावर टाकली, दोन्ही हात आत घातले आणि मुंगीला केसांनी धरून खिडकीतून ओढायला लागला. तिचं अर्धं अंग बाहेर गेलं, काचेच्या कडेने काखेखालची चामडी सोलवटली. ती किंचाळत नव्हती. त्याच्या कानाचा लचका तोडत होती, दात सोडत नव्हती, आणि तो तिचं तोंड दाराच्या पत्र्यावर आपटत होता.

फोटोबाईंनी आपल्या बाजूचं लॉक उघडलं. बाहेर हत्यारवाला माणूस उभा असताना त्यांनी ते कधीच उघडलं नव्हतं. गाडीला वळसा घालून त्या आल्या, छतावरची सळई दोन्ही हातांनी घेतली. घाई केली नाही. तळघरात पेशंटचा हात प्लेटवर सरळ ठेवताना बघतात तशी त्यांनी जागा बघितली. खिडकीच्या काठावर आडवा पसरलेला उजवा हात, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध. त्यांनी पूर्ण ताकदीने मारलं. वाळलेली फांदी मोडल्याचा आवाज झाला. त्याने मुलगी सोडली आणि हाताकडे पाहिलं. हात नको तिथून खाली लोंबत होता. तो वळला तेव्हा त्यांनी गुडघ्याच्या वाटीवर दुसरा घातला. तो फरशीवर आडवा झाला आणि आईला हाका मारायला लागला.

"अंगाला हात लावलात तर उरलेली हाडंही मला पाठ आहेत, भाऊजी," फोटोबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा म्हणतानाचा.

आत जळत्या चादरीचा धूर झाला होता. तो पाहून शेजारचे धावले. त्यांनीच पोलिसांना बोलावलं. दिराला स्ट्रेचरवर घालून नेलं. मुंगीच्या काखेला कुणीतरी टॉवेल बांधला.

अकराला दातांचे डॉक्टर आले ते या गर्दीतच. गाडी बघून त्यांनी डोक्याला हात लावला. "अरेरे. काच ओरिजिनल होती हो. आता कुठून मिळणार?"

"तुमच्या खुर्चीत घ्या की तिला," मुंगी सुजल्या ओठांनी म्हणाली. "कवळी बसवा."

डॉक्टर ओशाळून निघून गेले.

हवालदार पन्नाशीचा, चष्म्याला दोरी लावलेला माणूस होता. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या. इतकी भारी गाडी त्याच्या हद्दीत कधी फुटली नव्हती. तो बोलत बोलत लिहीत होता, जबाबदारीने, एकही ओरखडा न सोडता. "पुढील काच, एक. डावी खिडकी, एक. बॉनेटवर खोल खड्डा. छत, खड्डा. डाव्या दारावर रक्ताचे डाग व दोन पोचे. पिवळा रंग." पान उलटलं. आरसा राहिला होता, तोही लिहिला.

फोटोबाई गॅरेजच्या पायरीवर बरगडी धरून बसल्या होत्या. मुंगी त्यांच्या खांद्याला टेकली होती. आईच्या केसांतले काचेचे कण एकेक वेचून ती तळहातावर ठेवत होती.

"गाडी पुरावा म्हणून न्यावी लागेल, बाई," हवालदार म्हणाला. "केस संपली की परत मिळेल. का भंगारात देणार? ठेवायची म्हणालात तर तसा शेरा मारतो."

फोटोबाईंनी गाडीकडे पाहिलं. आतलं सगळं फुटक्या खिडकीतून दिसत होतं, दोन सीटं आणि मधे एक दांडा. बसायची इच्छा होते का, हे त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं. नव्हती होत.

"न्या," त्या म्हणाल्या. "परत नको."

"बरं. मग इथे सही करा. मालमत्तेचं नुकसान, वाहन, सगळं आलंय."

त्यांनी कागद हातात घेतला. सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला, अगदी आरशापर्यंत. मग सही न करता परत त्याच्या हातात दिला.

"एक ओळ घाला, दादा," त्या म्हणाल्या. "काच फुटली तेव्हा आत आम्ही दोघी होतो. तेवढं लिहा."