टाकव्याच्या हौसाचं कार्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही — आणि ज्या पोरांच्या पत्रांखाली 'तुमचा लाडका भाऊ' अशी सही ठोकतो, त्यांना तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही समोर सापडलात म्हणून. गप्प ऐका. मध्येच मान डोलवू नका, मला सहानुभूतीचा तिटकारा आहे.

मुलांसाठी गोष्टी लिहिणारा म्हणजे गुळाची ढेप, असं लोकांना वाटतं. कसली डोंबलाची ढेप! तुंगार्लीला एका शेटच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत मी राहतो. सकाळी उठलं की प्रुफं. मग पोस्टमन — वीस-पंचवीस कार्डं, आणि प्रत्येकाला उत्तर हवंच. दुपारच्या टपालाने गोष्टीचा हप्ता पुण्याला गेला नाही की मासिकाच्या संपादकांची तार. सुटीच्या दिवशी कुठल्या तरी शाळेत बक्षीस समारंभ, तिथे शेंबड्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा. खरं सांगू? मला पोरं आवडत नाहीत. त्यांचा गलका ऐकला की डोकं उठतं. पण तो काही गुन्हा नव्हे. गुन्हा वेगळाच आहे, आणि मी अजून त्याच्या भोवतीच घुटमळतोय — दिसतंय मला.

त्या वर्षी माझी मावळातल्या चार पोरांची गोष्ट मासिकात चालू होती. दरोडेखोरांना चकवणारी पोरं. गाजत होती, खोटं कशाला बोलू? एका हप्त्यात दरोडेखोर मागे लागतात आणि श्रावणातल्या धो धो पावसात ती चौघं भाताच्या शेतात लपतात, असं लिहिलं. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला. भात ताटात पाहिलेला. शेतात कुठल्या महिन्यात केवढा असतो, हे मला कुणी शिकवलं होतं?

टाकवे बुद्रुकच्या शाळेतून कार्ड आलं. सातवीतल्या मुलीचं, हौसा नावाच्या. अक्षर मोत्यासारखं. 'भाऊ, तुमची गोष्ट आम्हांला फार आवडते. पण श्रावणात आमच्याकडे भात गुडघ्याएवढा असतो. त्यात चार मुले लपली कशी? बसली तरी डोकी दिसतील. कार्तिकात लपवलीत तर चालेल.'

एवढंच. यात उद्धट काय आहे सांगा! काही नाही. पण ते कार्ड संपादकांच्या हाती पडलं, आणि त्यांनी ते कचेरीत सगळ्यांसमोर, माझ्यादेखत मोठ्याने वाचलं. 'चालेल म्हणते हो!' असं म्हणून लोक पोट धरधरून हसले. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापर्यंत सगळे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टाकव्याची एक कार्टी मला परवानगी देते? मला?

पुढच्याच महिन्यात त्या शाळेने बक्षीस समारंभाला बोलावलं. मी एरवी कुरकुरत जातो, या वेळी मुद्दाम गेलो. मास्तर भला माणूस. कौतुकाने सांगत होता — हौसा यंदा सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार, पास झाली की मास्तरीण होईल, अख्ख्या गावात अशी पोर झाली नाही. आभार मानायला तिलाच उभी केली. दप्तराला लाल फडकं बांधलेली, काळीसावळी, काटकुळी पोर. तिने तोंड उघडलं आणि 'भा — भा —' करत थांबली. 'भाऊ' हा शब्द काही केल्या निघेना. पोरगी तोतरी होती. कविता म्हणताना अडखळत नाही, वर्गही तिला सांभाळून घेतो, असं मास्तर माझ्या कानात कुजबुजला. मी चेहऱ्यावर हसू ठेवून बसलो होतो. आणि मनात काय म्हणालो, ठाऊक आहे? म्हणालो — सापडलीस.

घरी आलो आणि एका बैठकीत हप्ता लिहिला. एक खोड नाही, एक शब्द बदलला नाही. गोष्टीत एक नवी पोर आणली, 'शहाणी हौशी'. उठसूट दुसऱ्यांच्या चुका काढणारी, दप्तराला लाल फडकं बांधणारी, आणि चूक काढायला गेली की 'भ — भ — भात' करत अडकणारी. चौघं पोरं तिची नक्कल करतात आणि तिला रडवून पळतात. लिहिताना मी एकटाच मोठ्याने हसलो. आयुष्यात त्याहून मजेत मी काही लिहिलेलं नाही. हे सांगताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

टाकव्याच्या शाळेत मासिकाचा एकच अंक जायचा. शनिवारी सगळ्या वर्गासमोर वेष्टण फाडायचं आणि मास्तरांनी ताजी गोष्ट खड्या आवाजात वाचायची, असा त्यांचा रिवाज. बिचाऱ्याने आधी वाचून पाहिली नव्हती. निम्म्यात त्याच्या ध्यानात आलं, तो थांबला — पण तोवर पोरांच्या ध्यानात आलं होतं.

हे मला कसं कळलं? तिचा बाप आला ना! टाकव्यापासून स्टेशनापर्यंत पायी, तिथून गाडीने लोणावळा. पंच्यात बांधून पायलीभर आंबेमोहोर तांदूळ आणला होता. तो ओट्यावर ठेवून उभाच राहिला.

"भाऊ, पोर साळंत जायना झालीया. घरात बी बोलंना. बोलली की धाकटी हासत्यात. परीक्षेला चारच महिनं ऱ्हायलं."

मी म्हटलं, "गोष्टीतली मुलगी कल्पनेतली आहे. तुमच्या मुलीचा काही संबंध नाही."

"नाव बी त्येच, बोलनं बी त्येच, लाल फडकं बी त्येच," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "आसंल, तुमी म्हंता तसं आसंल. मंग येवडंच लिवून द्या. ही ती न्हवं म्हून. मास्तर वाचून दावतील. लय उपकार व्हतील."

चार ओळी. टाक हातात होता, कागद पुढ्यात होता. तेव्हाच्या तेव्हा दिल्या असत्या तर? मी म्हटलं, टपालाने पाठवतो. तो वाकून नमस्कार करून गेला. मी लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, असंही झालं नाही — मी लिहायचंच नाही असं ठरवलं. चार ओळी लिहिल्या तर हौशी लिहिताना मला तीच आठवत होती हे कबूल केल्यासारखं होईल, ही एक भीती. आणि दुसरं — हौशी पोरांना भलतीच आवडली होती. कार्डांवर कार्डं येत होती, 'भाऊ, हौशी पुन्हा आणा.' आणली. तीन हप्ते आणली, दर वेळी जास्त तोतरी करून. तांदूळही ठेवून घेतला. महिनाभर खाल्ला.

हौसा परीक्षेला बसली नाही. वैशाखात लग्न लावून दिलं. मास्तरने दोन ओळींत कळवलं. खाली 'आपला' वगैरे काही नव्हतं.

पुढे पुस्तक निघालं. त्यात चौघांना कार्तिकात लपवलं, ती म्हणाली होती तसं. एका परीक्षणात छापून आलं की लेखकाला मावळची शेती तळहातासारखी ठाऊक आहे. मी ते कात्रण जपून ठेवलं. हौशी होतीच पुस्तकात, आहे तशी. अजूनही समारंभात पोरं माझ्यापुढे तोतरं बोलून दाखवतात आणि मी टाळ्या वाजवतो.

गेल्या वर्षी लोणावळ्याच्या बाजारात कासाराच्या दुकानापाशी एक बाई उभी होती. कडेवर लेकरू. कासार विचारत होता, "कंच्या दावू, ताई? हिरव्या का?" ती बोलत नव्हती. बोट दाखवत होती. त्याने दुसऱ्याच बांगड्या काढल्या, तर मान हलवली आणि पुन्हा बोट दाखवलं. तो वैतागला, म्हणाला, "आवं, तोंडानं सांगा की!" तिने लेकराला सावरलं आणि नको असलेल्याच बांगड्या घेतल्या.

वळली तेव्हा आम्ही समोरासमोर आलो. तिने मला ओळखलं. मीही तिला ओळखलं. तिचे ओठ हलले — पहिल्या अक्षरापाशीच थांबले. मी तिच्याकडे कुणा परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं, आणि बाजूने निघून गेलो.