वळणावरचे दगड

घाटातल्या वळणावर एक ट्रक बंद पडला होता. त्याच्या ड्रायव्हरने मागे रस्त्यावर करंजाची फांदी टाकून चार दगड मांडले होते. ते बघताच आमच्या शिंदेमामांनी गाडी हळू केली. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपला मात्र पुढे काही असल्याचा पत्ताच नव्हता.

पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की मागच्या गाडीला ते वायरलेसने तत्काळ कळावं, यावर मी बारा वर्षं संशोधन करतो आहे. चाचणीसाठी आणलेल्या आमच्या दोन गाड्या एकमेकींशी अखंड बोलत होत्या. ट्रकवर आमचं यंत्र नव्हतं, म्हणून त्यांच्या लेखी तो नव्हताच.

संध्याकाळी परतताना ट्रक गेलेला होता, दगड तिथेच होते. त्यांना धडकून एक मोटारसायकल आडवी झाली होती. नवरा ती उचलत होता आणि बायको कोपराचं रक्त पदराने पुसत बसली होती.

"दगड उचलायला कुणी थांबत नाही, साहेब," मामा म्हणाले.

आमच्या यंत्रात शिळा झालेला निरोप आपोआप पुसला जातो. या सोयीचं मला फार कौतुक होतं.

मी उतरून दगड कडेला सारले. बारा वर्षांत रस्त्यावरच्या माणसासाठी माझ्या हातून झालेलं हे पहिलंच काम.

"आता कशाला, दादा?" ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.