तळ्यावरचा साटा

आमच्या घरामागचं तळं बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद होतं. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून त्यात जायचं. टँकरची एक घागरही त्यात पडत नाही, हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगायचो. तळ्यात बेडकं होती, कुठून तरी आलेलं एक कासव होतं, आणि पलीकडच्या उतारावर सकाळी होले, साळुंक्या, कधी मुंगूस पाणी प्यायला यायचं.

दुष्काळाचं ते दुसरं साल. दसऱ्याच्या सुमारासच पाणी दोन दिवसांत बोटभर उतरू लागलं. निम्म्या तळ्यावर फळ्यांचा ओटा केला तर तेवढं ऊन कमी लागेल आणि संध्याकाळी बसताही येईल, असा हिशोब मी केला. खांब रोवले असते तर प्लास्टिक फाटलं असतं, म्हणून बाभळीचे सात फुटी तीन वासे या काठावरून त्या काठावर टाकले. अडलं ते फळ्यांवर. वखारीत मिळाल्या त्या ओल्या लाकडाच्या होत्या, महिन्याभरात वाकल्या असत्या.

शेजारचं जोडपं दरवर्षी दिवाळी झाली की गाडीबैल घेऊन ऊसतोडीला जायचं. जवळच्या सहकारी कारखान्याचं गाळप त्या साली बंद होतं, कारण ऊसच नव्हता. मुकादम लांबच्या कारखान्यावर न्यायचं म्हणत होता. बैल चारा छावणीत होते आणि गाडी दारात उभी होती.

शेजारीण म्हणाली, "भाऊ, आमच्या गाडीचा साटा घ्या की. तळाला सागाच्या फळ्या हायत. इतका ऊस वाहिला, तुमी दोघं बसल्यानं काय व्हतंय?"

संध्याकाळी तिचा नवरा एकटा आला. "फळ्या न्या भाऊ, पर कापू नका. परत गाडीवर बसल्या पायजेत."

दोघांचं एकमत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. बायकांच्या दूध संस्थेनं गावात संकलन सुरू केलं होतं, आणि दूध मोजायला, फॅट काढायला तिला नेमलं होतं. ते काम तिला सोडायचं नव्हतं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती राहिली तर त्याचंही जाणं राहिलं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यानं अजून घेतली नव्हती. फळ्या कापल्या की गाडी गेली, आणि गाडी गेली की ऊसतोड गेली.

फळ्या सात होत्या, आठ फुटी. मला सहा फूट हव्या होत्या. अलीकडे भिंत असल्यामुळे जास्तीचे दोन फूट पाखरं उतरायची त्या उतारावर गेले. मी त्या तशाच बसवल्या. दुसऱ्या दिवशी होले कुंपणावर बसून राहिले आणि न पिताच उडाले.

"आपली बसायची सोय झाली," बायको म्हणाली, "त्यांनी कुठं जायचं?"

शेजारीण दुधाची रिकामी किटली घेऊन चालली होती. थांबली. "भाऊ, कापा की. का म्हून थांबलात?"

"ज्याची गाडी त्यानं सांगावं."

"गाडी काय एकट्याची हाय? मोळ्या मीबी वाहिल्यात."

ते खरंच होतं. मी म्हणालो, "मग दोघांनी मिळून सांगा. लगेच करवत लावतो."

"तवर पाखरं तान्हेली ठिवा," असं म्हणून ती हसत गेली.

त्याच आठवड्यात मुकादम आला. शेजारी तेव्हा आमच्या ओट्यावर नट आवळत बसला होता. मुकादमानं फळ्या ओळखल्या.

"हे काय बे? गाडी मोडून मचाण केलं?"

"मोडली न्हाई. ठिवलीय."

"मग फळ्या उचल. दिवाळीचा पाडवा झाला की निघायचं. तुझा कोयता धरलाय मी."

"तिला दुधाचं काम हाय, मुकादम."

"दुधाचं? चारा न्हाई कुटं अन् दूध मोजतेत! शिमग्यापस्तोर बंद पडंल तुमची संस्था."

हे काही खोटं नव्हतं. संकलन दर आठवड्याला घटत होतं. आकडे मीही पाहत होतो. शेजाऱ्यानं हातातला पाना फळीवर ठेवला.

मग म्हणाला, "पडंल तर पडंल. सांजच्याला ती आकडा सांगती अन् समदं गाव ऐकून घेतं. ते सोड अन् माझ्यामागं मोळ्या वाहायला चल, असं मी न्हाई म्हननार."

"मग पुढल्या साली माझ्या दारात येऊ नको," मुकादम म्हणाला आणि फटफटीला किक मारून गेला.

शेजाऱ्यानं माझ्याकडे करवत मागितली. मी कापून देतो म्हणालो, तर त्यानं मान हलवली. मी सहा फुटांवर पेन्सिलीनं रेघ मारून दिली. पहिली फळी त्यानं रेघ सोडून तिरपीच कापली.

शेजारीण दूध मोजून परतली तेव्हा चार फळ्या कापून झाल्या होत्या. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या दोन फुटी तुकड्यांकडे. तुकडे गोळा करून काखेत धरले.

"चुलीला नेते," ती म्हणाली.

"ने," तो म्हणाला आणि पाचव्या फळीला करवत लावली.