व्हरांड्यात सरळ केलेला गुडघा

ऐंशीच्या दशकात मी कुरखेड्याच्या पलीकडे एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. नवा होतो आणि शहाणपणा अंगात मावत नव्हता.

जंगलातल्या गावचा एक तरणाताठा माणूस आला. कबड्डीत त्याचा गुडघा पिरगळला होता. पुढच्या वर्षी वनरक्षकाच्या भरतीत उतरायचं होतं आणि तिथं मैलोन्‌मैल चालून दाखवावं लागे. एक्स-रेत हाड शाबूत होतं. पाय ओढून पाहिला तर सांधा पुढे सरकला. म्हणजे आतलं लिगामेंट तुटलेलं. निदान सापडलं, मी खूश! प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, मांडीचे व्यायाम सांगितले.

तो पुन्हा आला. "आत काईतरी अटकते जी सायेब. पाय सरळच नाई होत."

टेबलावर झोपवलं तर पाय सरळसोट. "होतोय की! भरतीची भीती वाटते का?" तो ओशाळून हसला. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला मी त्याच्यावर खेकसलोच.

चौथ्या खेपेला मी दवाखान्यात उशिरा पोचलो. तो व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसून, दात आवळून, पोटरी धरून पाय झटकत होता. खट्ट आवाज झाला आणि पाय सरळ झाला.

"हे काय करतोस?"

"तुमच्यासमोर वाकडा पाय घेऊन कसा येऊ जी? बरं नाई दिसत. बाहेरच सरळ करून घेतो."

साहेबापुढे यायचं तर अंघोळ करून, धुतला सदरा घालून, ही तिथली रीत मला ठाऊक होती. ही माणसं दुखणंही नीटनेटकं करून आणतील, हे डोक्यात आलं नाही. लिगामेंटसोबत गुडघ्यातली गादी फाटते, फाटका भाग सांध्यात अडकतो, हे मी शिकलो होतो. एक निदान मिळाल्यावर दुसरं शोधायचा मला कंटाळा आला होता, बाकी काही नाही. आजही स्वतःची चीड येते.

नागपूरला पाठवलं. तिथल्या सर्जननी गुडघा उघडला. "सुरुवातीला आला असता तर टाके घालता आले असते. आता चिंध्या झाल्यात," म्हणाले आणि गादी काढून टाकली. पुढे मैलभर चाललं की गुडघा सुजायचा. भरतीचा विषय संपला.

काही महिन्यांनी तो बायकोला घेऊन माझ्या पाया पडायला आला.

"तुमी नागपूरले धाडलं म्हणून ह्यांचा पाय वाचला जी," ती म्हणाली.

मी मान डोलावली आणि तिनं आणलेला मध ठेवून घेतला.