शिर्डी ते चेन्नई, दुपारच्या विमानानं

सकाळीच चेन्नईहून आईचा फोन आला. "धाकटीला दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, आजच होईल."

बाळंतपणाच्या तारखेला अजून दोन आठवडे होते. आई आधीच माझ्या धाकट्या बहिणीकडे गेली होती. अण्णा आणि मी मागून सावकाश रेल्वेनं जाणार होतो. मी धावत गोठ्यात जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, उमेदीची कित्येक वर्षं घोडेगावचा कांदा ट्रकनं चेन्नईला न्यायचे. रस्ता त्यांना तोंडपाठ.

"आत्ता निघालो तरी परवा पोचू. सोलापूर, रायचूर, कडप्पा... बाराशे किलोमीटर हाय बाई."

मी मोबाईलवर बघत होते. "विमानानं हजार किलोमीटरच्या आत भरतं, अण्णा. दुपारी शिर्डीहून आहे. दोन तासही लागत न्हाईत."

"दोन तासात आमी जिल्ह्यातच, मिरजगावला च्या पीत असायचो!" ते हसले आणि एकदम गंभीर झाले. "मग काढ की तिकिटं. माज्याकडं काय बघतीस?"

माझ्या नवऱ्यानं नेवाशाहून गाडी अशी हाणली की विमानतळावर आम्ही वेळेआधीच पोचलो. तपासणीत अण्णांच्या खिशात अडकित्ता सापडला. आता वाद होणार, असं मला वाटलं. पण अण्णा म्हणाले, "ठिवा सायेब तुमच्याकडंच. आमाला नातवंड बघायचंय."

विमान उडताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. वर गेल्यावर मात्र काचेला जे कपाळ लावलं ते काढेचनात. मधेच खाली नदी दिसली तसे ओरडले, "किष्णा! ही किष्णाच. आता रायचूर!" पलीकडचा झोपलेला प्रवासीही डोळे चोळत वाकून बघू लागला.

"तू झालीस तवा मी हितंच खाली अडकल्तो," अण्णा मला म्हणाले. "ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटल्ता. घरी आलो तर तुजी पाचवी हून गेल्ती."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. फोन बंद, खाली काय चाललंय कळत नव्हतं, आणि मला ते विमानसुद्धा हळू वाटायला लागलं.

उतरल्यावर टॅक्सी केली. दवाखान्याच्या जिन्यात अण्णा माझ्या पुढे. आई बाकावर बसली होती. आम्हाला बघून ती उठलीच. "अहो, तुम्ही कसे आलात?"

"उडून!" अण्णा म्हणाले. "झालं का?"

"नाही अजून. आत नेलंय."

आम्ही तिघंही बसलो नाही. चहा आणला तो तसाच गार झाला. मग दाराआडून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. नर्स बाहेर येऊन तमिळमध्ये भराभरा काहीतरी बोलली. आई माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. अण्णांनी मात्र तेवढ्यात त्यातला एक शब्द पकडला होता.

"पोण्णु म्हणती ती! अगं, पोरगी झाली, पोरगी!"