एकाच बोवर दोनदा बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक असलेल्या शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा माझा मलाच इतका राग येतो, की तो आता पोटात मावत नाही — म्हणून असेल.

मी साताऱ्याची. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याचं ऑफिस सेक्टर सतरात. तीन वर्षांसाठी म्हणून बदली होऊन चंदीगडला आलो, ते इथेच राहिलो. मी एका छोट्या शाळेत नर्सरीला शिकवते. चार वर्षांची पोरं. त्यांना दहापर्यंत मोजायला शिकवायचं, तेही पाटीवर गिरवून नाही, हातानं काहीतरी करायला लावून. लोहडीला कागदाच्या शेकोटीभोवती शेंगदाणे चिकटवायचे. मार्चमध्ये बागेतली पानं वेचायची, कारण इथे पानगळ तेव्हा होते, पुस्तकातल्यासारखी ऑक्टोबरात नाही. राखीला मणी ओवायचे. आणि वसंत पंचमीला पतंग.

हे काम मला चांगलं येतं. उगाच विनय कशाला? पोरं तोंडानं वीसपर्यंत घडाघडा म्हणतात, पण समोर पाच शेंगदाणे ठेवा — बोट एकीकडे पळतं, तोंड दुसरीकडे. म्हणून माझा पहिला नियम एकच: एक वस्तू, एक बोट, एक आकडा. एकही सोडायचा नाही. एकावर दोनदा बोट ठेवायचं नाही. वर्षभर मी याच्यासाठी घसा फोडते.

तर, पतंग. पिवळ्या घोटीव कागदाचा पतंग, त्यावर एक आकडा, आणि खाली दोऱ्याच्या शेपटीला तेवढेच कागदाचे बो, वेणीच्या रिबिनीला बांधतात तसे, चिकटवायचे. मेहरला सात आला होता. मेहर म्हणजे वर्गातली सगळ्यात हट्टी मुलगी. दोन वेण्या, नाक कायम वाहतं, आणि मदतीला गेलं की हात ढकलून देणार. ‘मैं आप करूँगी.’ माझं मीच करणार. बाकीच्यांचे पतंग मी निम्मे स्वतःच केले होते — हो, सगळ्याच बाया करतात, शनिवारी पालक बघायला येणार म्हटल्यावर कोण धोका पत्करतो? मेहरचा मात्र पूर्ण तिचा होता. सगळे डबा खायला गेले तरी ती तिथेच. डिंकानं पतंग ओला, एक कोपरा फाटलेला, बो सगळे एकावर एक चढलेले, दोन उलटे. पण सात. मी स्वतः बोट ठेवून मोजले होते. शाबास म्हटलं होतं. तिनं ते ऐकून पुन्हा एकदा मोजले आणि मग डबा उघडला.

शुक्रवारी दुपारी, मुलं गेल्यावर, मी व्हरांड्यात दोरी बांधून पतंग टांगत होते. आमच्या मोठ्या बाई तिथून जाता जाता मेहरच्या पतंगापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, इसको थोड़ा ठीक कर लो. थोडं ठीक कर. फेकून दे, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण इतकी वर्षं मनातल्या मनात मी सगळं त्यांच्या माथी मारत आले. त्या, शाळा, फोटो मागणारे पालक, चुकायला आलेली बस... किती जणांना पुढे केलं मी! खोटं आहे ते. कागद माझ्या हातात होता. मी तो चुरगाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला, वर ओली वर्तमानपत्रं दाबली. मग पाच मिनिटांत नवा केला, नीटनेटका. कापलेले बो सहाच उरले होते. सातवा कापायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, कोण मोजतंय?

मोजायला शिकवणारी बाई म्हणते, कोण मोजतंय! कुंपणानंच शेत खावं, ते हे असं.

शनिवारी पालक आले. मेहरची आई बँकेत कामाला होती, अर्धी रजा काढून आली होती, मोबाइल हातात. ‘दिखा, तेरी कौन सी है?’ मी पुढे होऊन दाखवला. आई खूश झाली, इतका छान! मेहरनं पतंगाकडे बघितलं. मग तिनं बोट वर केलं — अगदी मी शिकवलं तसं, एकेका बोला टेकवत, हळूहळू, ओठ हलवत. आणि म्हणाली, ‘ये मेरी नहीं है. इसमें छह हैं. मेरी में सात थे.’

कळतंय ना तुम्हाला? वर्षभर जे शिकवलं ते त्या क्षणी माझ्यासमोर उभं होतं. चार वर्षांची मुलगी मोजून, पुरावा देऊन, खोटं पकडत होती. कुठल्याही बाईनं तिला उचलून घेतलं असतं. आणि मी? मोठ्या बाई चार हातांवर उभ्या होत्या. आणखी तीन-चार मुलांच्या आया वळून बघत होत्या. माझे कान तापले. मी हसले — ते हसणं आठवलं की अजून थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते — आणि म्हटलं, ‘बेटा, जल्दी-जल्दी गिन लिया ना? आओ, मॅम के साथ गिनो.’

मी तिचं बोट माझ्या हातात घेतलं. एक. दोन. तीन. आणि पुन्हा त्याच तिसऱ्या बोवर — चार. मग पाच, सहा, सात.

भरभर. गोड आवाजात. तिच्याच बोटानं.

तिला कळलं. बोट आखडलं तिनं, मला ते हातात जाणवलं. तिनं वर माझ्याकडे पाहिलं. मोठ्यांपैकी कुणालाच दिसलं नाही. बाईंनी मोजल्यावर सातापर्यंत कोण पुन्हा मोजतो? आई म्हणाली, ‘देखा? सात ही हैं. मॅम को झूठा बोलते हैं? चल, सॉरी बोल.’ आणि मेहरनं मला सॉरी म्हटलं. मी तिच्या गालाला हात लावून म्हटलं, इट्स ओके. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना — मी तर बोंबही मारली नाही, वर क्षमा केली तिला!

त्यानंतर ती बदलली. हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं, आणि मी ते न दिसल्यासारखं केलं. समोर चार पानं ठेवली की एक म्हणायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. दोन म्हणायची, पुन्हा बघायची. मी जरा भुवई हलवली तरी आकडा बदलायची. किती आहेत, असं विचारलं की म्हणायची, ‘आप बताओ.’ हात ढकलणं बंद झालं. डिंक लावायलाही माझ्याकडे कागद पुढे करायची. आणि मी निर्लज्ज, शाळेतल्या बायांना सांगायचे, बघा, किती शहाणी झालीय आता.

एकदा तिला बाजूला घेऊन सांगायचं होतं, एवढंच. तू बरोबर होतीस, मॅमचं चुकलं. दोन वाक्यं. चार वर्षांच्या मुलीला मी घाबरत होते? ती घरी जाऊन सांगेल, आई शाळेत येईल, माझी छी-थू होईल... हो, घाबरत होते. रोज ठरवायचे आणि रोज घंटा व्हायची.

मार्चअखेरीस निकालाच्या दिवशी आई भेटायला आली. मेहर तिचा हात धरून. मी तिच्या प्रगतिपत्रकावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मोजण्यात कच्ची, घरी सराव घ्यावा. आई खुर्चीच्या टोकाशी बसली, डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हणाली, बँकेतून येऊन रोज तासभर घेऊन बसते जी, कधी कधी हात उगारला जातो, मग रडू येतं. आधी हिला सगळं यायचं. मॅम, आप ही बताओ, इसको हुआ क्या है?

विचारलं तिनं मला. सरळ विचारलं. खोलीत आम्ही तिघीच होतो, दार बंद होतं, मोठ्या बाई नव्हत्या, बस चुकायची नव्हती. या वेळी पुढे करायला कुणीसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, ‘ध्यान नहीं देती.’

आईनं मान खाली घातली आणि माझे आभार मानले. मग मेहरकडे वळून विचारलं, ‘सुना? ध्यान नहीं देती तू?’

मेहरनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मान हलवली — हो.