काकीच्या नावावर लागलेले बूट

मला बुटांचं वेड आहे हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं, पण ते वेड नेमकं कसलं ते कोणालाच कळलेलं नव्हतं. मी परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. दिवसभर उभं राहावं लागतं. त्यामुळे आईची समजूत अशी, की पाय दुखतात म्हणून पोरीला चांगले बूट लागतात. मी ती समजूत मोडली नाही. खरं तर माझे तीन जोड कपाटावर खोक्यात ठेवलेले असायचे आणि लॅबमध्ये मी साध्या सँडल घालून जायचे. चांगले बूट लॅबच्या फरशीवर कोण घालेल!

मागच्या वर्षी एका परदेशी कंपनीने एक लिमिटेड एडिशन बूट काढायचं जाहीर केलं. कैरीच्या सालीसारखा हिरवा, आतून लोणच्याच्या खारासारखा तांबडा, टाचेवर पांढऱ्या दोऱ्याची बारीक शिलाई. ठरावीकच जोड निघणार, नंतर कधीच नाही. ॲपवर नाव द्यायचं, एका मोबाईल नंबरावर एकच. ड्रॉमध्ये ज्याचं नाव लागेल त्याने शनिवारी सकाळी ओळखपत्र घेऊन स्वतः लोअर परळच्या मॉलमधल्या दुकानात यायचं. अशा ड्रॉमध्ये मी याआधी कितीदा नाव दिलं होतं आणि कितीदा 'या वेळी नाही' असा मेसेज आला होता, ते जाऊ दे. या वेळी मी माझं नाव दिलं, आईचं दिलं, बाबांचं दिलं.

"बुटांची पण लॉटरी असते होय?" बाबांनी विचारलं.

समोरच्या खोलीतली काकी दारात तांदूळ निवडत बसली होती. काळाचौकीच्या आमच्या चाळीत एका दारात बोललेलं समोरच्या दारात ऐकू येतंच. ती म्हणाली, "माझो पण नंबर घाल."

"काकी, तुला कशाला?"

"तुझ्यासाठीच गो. माझो मोबाईल नुसतो पडान असता."

ही काकी सहासष्ट वर्षांची, मूळची मालवणकडची. आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याशी ती आमच्यासारखं बोलते, पण घाई झाली किंवा आनंद झाला की मालवणीवर येते. माझी आई शिवणाच्या कारखान्यात जायची, तेव्हा शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत मी काकीकडे असायचे. तिच्या हातची पेज आणि तिच्या शिव्या, दोन्ही खाऊन मी मोठी झाले. तिच्या मोबाईलवर मी ॲप टाकलं, तिचं नाव भरलं आणि मापाच्या जागी माझं माप टाकलं. सहा नंबर.

गुरुवारी संध्याकाळी मी लॅबमधून येऊन चहा घेत होते. काकी मोबाईल हातभर लांब धरून आली.

"कसलो मेसेज इलो हा, बघ गो. मी ब्लॉकच करणार होते. अभिनंदन म्हणतायत. असं म्हणूनच लुबाडतात ना?"

मी वाचला. पुन्हा वाचला. मग अशी किंचाळले की आई पाल पडली समजून झाडू घेऊन धावत आली. आम्ही दिलेल्या चार नावांतलं एकच लागलं होतं आणि ते काकीचं होतं.

शनिवारी काकीने ठेवणीतली गर्द निळी साडी नेसली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. टॅक्सीत मी विचारलं, यात काय आहे? आधार कार्ड, रेशन कार्ड, लाइट बिल आणि दोन फोटो.

"काकी, दुकान आहे ते. आधार कार्ड बस्स झालं."

"असू दे. एक कागद कमी पडला की परत पाठवतात."

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर तीसेक जणांची रांग, बहुतेक कॉलेजातले. काकीने रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि माझ्या कानात म्हणाली, "हे सगळे एकमेकांच्या पायांकडे काय बघतायत?"

खरं होतं. रांगेत उभं राहिलं की आधी दुसऱ्याच्या पायात काय आहे ते बघायचं, अशीच आमची पद्धत. आणि काकीच्या पायात होत्या रबरी तळाच्या साध्या चपला. मला, खोटं कशाला बोलू, थोडं अवघडल्यासारखं झालं. पण कोणी हसलं नाही. आमच्या मागे उभी असलेली एक मुलगी पुढे वाकून म्हणाली, "आजी, तुमचं नाव लागलं? लकी आहात हं! आम्ही घरातल्या सहा जणांची नावं टाकली तेव्हा एक लागलं." गार्डने आतून एक खुर्ची आणून दिली. काकी बसली आणि पाच मिनिटांत तिने त्या मुलीचं गाव, कॉलेज आणि पोट साफ होतं की नाही इथपर्यंत चौकशी केली.

मध्येच टोपी घातलेला एक माणूस रांगेच्या कडेकडेने येत काकीजवळ वाकला. बाहेर आल्यावर जोड मला द्या, दुप्पट पैसे देतो, असं हळूच म्हणाला.

"तुला पायात घालायचे आहेत?" काकीने मोठ्याने विचारलं.

"नाही हो आजी. पुढे विकणार."

"मग नको. हिला घालायचे आहेत."

तो पुढे सरकला. माझ्या मनात त्या क्षणी फक्त हिरवे बूट होते, म्हणून तिच्या बोलण्याकडे माझं तितकंसं लक्ष गेलं नाही. ते नंतर गेलं.

आमची पाळी आली. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड बघितलं, खोकं उघडून समोर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, बूट इथेच घालून बाहेर जायचंय. ज्यांचं नाव आहे त्यांनीच. खोकं आम्ही वेगळं देतो." लोकांनी तसेच नवे विकू नयेत म्हणून हा नियम होता आणि तो ॲपवर स्पष्ट लिहिलेला होता. मी फक्त बुटांचे फोटो बघितले होते.

"हिचं माप चार आहे," मी म्हणाले. "बूट सहा नंबरचे आहेत."

"सॉरी मॅडम. नियम आहे."

मी काही बोलायच्या आत काकी बाकावर बसली आणि तिने चपला काढल्या. टाचांना भेगा, बोटांत जोडवी, डाव्या अंगठ्याजवळ हाड वर आलेलं. दुकानातल्या झगझगीत उजेडात ते पाय मी जणू पहिल्यांदाच बघत होते. काउंटरवरची मुलगी मदतीला खाली वाकली, तशी काकीने पाय मागे ओढले. "नको गो, तू नको पायाला हात लावू." मग मी गुडघ्यावर बसले. मोजे नव्हते. मागच्या मुलीने आपल्या बॅगेतून मोज्यांची कोरी जोडी काढून दिली. किती झाले विचारलं तर म्हणाली, "असू दे ना, आजीला माझ्याकडून."

मी नाडी बांधायला घेतली तर काकीने माझा हात बाजूला केला. स्वतः वाकली आणि नाडी घोट्यामागून फिरवून पुढे आणून अशी सफाईने आवळली की मी बघतच राहिले.

"हे कुठे शिकलीस?"

"कबड्डीत," ती म्हणाली, जणू मला ते माहीतच असायला हवं होतं. "लग्नाआधी खेळायचे ना मी. इथे मैदानात अनवाणीच. पण एकदा बाहेरगावी मॅच होती, आत हॉलमध्ये, गुळगुळीत जमीन. तेव्हा सगळ्यांना एकाच मापाचे कॅनव्हासचे बूट दिले. पुढे चिंध्या कोंबल्या आणि नाडी अशी बांधली. मोठ्या बुटांची मला सवय आहे."

वीस वर्षं मी तिच्या घरात लोळले होते आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. रांगेतल्या मुलांनी ऐकलं, कोणीतरी म्हणालं, "आजी, काय खेळायचात, रेड की डिफेन्स?" ती उठली, चवड्यांवर दोनदा उसळून बघितलं आणि म्हणाली, "कोपरा धरायचे. पकड चांगली आहे ह्या बुटांची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकी लाजली, पण तिथून लगेच हलली नाही.

मी ठरवलं होतं की मॉलच्या बाहेर आलो की बूट काढून घ्यायचे, तिला चपला द्यायच्या आणि टॅक्सी करायची. बाहेर आल्यावर काकी म्हणाली, "चालत जाऊया गो. हलके आहेत."

नाही कसं म्हणणार? आम्ही करी रोडच्या पुलावरून लालबागच्या दिशेने निघालो. ती झपझप चालत होती आणि मी तिच्या बाजूने, पण माझी नजर सबंध वेळ खाली. पानाची पिंक, खोदलेल्या रस्त्याची माती, एका ठिकाणी सांडलेला सिमेंटचा राडा. "काकी, इकडून. काकी, सांभाळून." तिला वाटत असणार, पोर आपली काळजी घेते आहे. ती मला त्या मॅचची गोष्ट सांगत होती. आम्ही हरलो, पण येताना सगळ्या जणींनी मिळून सिनेमा बघितला, असं काहीतरी. मी हं हं करत होते.

लालबागला फुटपाथची एक लादी उचकटलेली होती. मोठ्या बुटाचं टोक तिच्यात अडकलं आणि काकी पडली. पुढे, दोन्ही हातांवर.

आणि माझ्या तोंडून शब्द आला, "बूट!"

काकी नाही. बूट.

तो मी ऐकला आणि तिनेही ऐकला. एक बाई धावत आली, दोघींनी मिळून तिला उठवलं. काकीने आधी उजवा पाय बघितला, मग डावा. डाव्याच्या टोकावर बोटभर ओरखडा होता. पदराचं टोक थुंकीने ओलं करून तिने तो पुसून बघितला.

"काही झालं नाही गो त्याला," ती म्हणाली. "पुसलं की जाईल."

तिच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. मी रोज चाळीस-पन्नास लोकांच्या हातात सुई घालते, रक्त बघून मला काही होत नाही. पण हे हात काकीचे होते. समोरच औषधाचं दुकान होतं. तिथून मी कापूस, औषध आणि पट्ट्या घेतल्या, तिला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि हात साफ करायला लागले. मला रडू आवरेना.

"तुला काय झालं? पडले मी."

"काकी, मी आधी बूट म्हणाले."

 ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझा धाकटा दीड वर्षाचा असताना ओट्यावरून पडला. हातात दुधाचं पातेलं होतं त्याच्या. मी पहिल्यांदा पातेलं उचललं. अजून आठवतं मला." तिने हात पुढे केला. "हा राहिला. ह्याला पण लाव."

औषध लावून झाल्यावर तिने नाड्या सोडायला घेतल्या. "घाल तुझे. मी चपला घालते."

"नाही," मी म्हणाले. "घरापर्यंत तूच घाल. मला ती मॅचची गोष्ट नीट सांग. मी ऐकलीच नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिने पहिल्यापासून सांगितली. काळाचौकी येईपर्यंत पुरली ती. कोण कुठल्या बाजूला उभी राहायची, कोणाच्या सासरी खेळलेलं चालायचं नाही, कोणी भावाचे बूट चोरून आणले होते. मी तिच्या हाताला धरून चालले आणि खाली बघितलं ते फक्त लाद्यांसाठी.

चाळीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती. काकीचे हिरवेगार बूट बघून खालच्या मजल्यापासून बायका बाहेर आल्या. ती प्रत्येकीसमोर एकदा थांबली. सगळ्यांना दाखवून झाल्यावरच तिने ते काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि खोक्यात घालून मला दिले. पडल्याबद्दल आईला तिने एवढंच सांगितलं, "लादी निघाली होती गो." दुसरं काही नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

'हिला घालायचे आहेत,' असं काकी रांगेत त्या टोपीवाल्याला म्हणाली होती, म्हणून ते बूट मी सोमवारी लॅबमध्ये घालून गेले. त्यांच्यावर आता ओरखड्याबरोबर स्पिरिटचे डागही आहेत.

दोन महिन्यांनी मी काकीला दादरला घेऊन गेले. साधं बुटांचं दुकान, तिथे ना रांग, ना ड्रॉ. तिने अर्धा तास घेतला. प्रत्येक जोड घालून दोन बाकांच्या मधून ये-जा केली, मला नको, ह्याची टाच बोचते, ह्याचा रंग म्हातारीचा आहे. शेवटी गुलाबी तळाचे, चार नंबरचे, निवडले. आता रोज सकाळी ती ते घालून मैदानात चालायला जाते. समोरच्या चाळीतल्या दोघी तिच्याबरोबर जायला लागल्या आहेत. परवा त्यातली एक मला विचारत होती, माझ्या मापाचे मिळतील का?

मला बूट मिळाले, याचा आनंद आहेच. पण मी काकीची ऋणी आहे ती त्या पायरीवरच्या दोन मिनिटांसाठी. तिथे ती मला काहीही बोलू शकली असती आणि ते खरंच असतं. मी ते जन्मभर बाळगलं असतं. त्याऐवजी तिने स्वतःची इतक्या वर्षांची दुखरी गोष्ट काढून माझ्या शेजारी ठेवली आणि दुसरा हात पुढे केला.